जागचा न हललेला माणूस

५ मार्च, गुरुवार

या नोंदींतून मला एक गोष्ट सिद्ध करावयाची आहे: जो मनुष्य वारंवार आपली रीत बदलतो, त्याला स्वतःची रीत नसते. हे सिद्ध झाले की त्याचा उपसिद्धान्त आपोआप निघतो, तो असा की माझी नात तन्वी हिने कायद्याचे शिक्षण अर्धवट टाकून महेश्वरला हातमाग शिकण्यास जाऊ नये.

तन्वीने आधी अभियांत्रिकी घेतली आणि सोडली. मग कायदा घेतला, तो आता सोडू पाहते. मागावर बसण्याची इच्छा तिला गेल्या पावसाळ्यात झाली. पुढच्या पावसाळ्यात तिला काय व्हावेसे वाटेल, हे तीही सांगू शकत नाही. महेश्वरच्या शिक्षणक्रमात तिला जागा मिळाली आहे आणि होकार पाडव्यापर्यंत कळवायचा आहे. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा शंतनु, विजय नगरातल्या एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. हाताखालच्या माणसांना तो दिवसभर हो-नाही सांगतो, परंतु मुलीपुढे त्याची वाचा बसते. काल जेवताना त्याने हात वर केले. "बाबा, तुम्ही हो बोलले तर हो, ना बोलले तर ना. मी बीच में नाही पडणार."

मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक होतो. न्याय करण्याचे काम माझ्याकडे आले यात मला नवल वाटले नाही.

तन्वीने एक उदाहरण पुढे केले. आपल्या इंदूरचे विख्यात चित्रकार संताजी फणसे यांनी आयुष्यात पाच वेळा शैली बदलली, आणि त्यांना कोणी जाब विचारला नाही. त्यांच्या साऱ्या कालखंडांचे प्रदर्शन पुढच्या आठवड्यात विजय नगरात भरते आहे. मी म्हटले, मी विचारतो. उदाहरण तिचे, निष्कर्ष माझा.

लीला, माझी पत्नी, हे सर्व ऐकत वाटाणे सोलत होती. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. तिला मुद्दा पटला असावा.

८ मार्च, रविवार. रंगपंचमी

मल्हारगंजात राहण्याचा एक तोटा असा की रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, आमच्या दाराखालून जाते. टँकरवर बसवलेल्या नळांतून, ज्यांना येथील लोक अभिमानाने मिसाइल म्हणतात, रंगीत पाणी चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत. म्हणून मार्गावरची सर्व घरे आदल्या दिवशीच दारेखिडक्या ताडपत्रीने झाकून घेतात.

यंदा लीलाने ताडपत्री लावली नाही. गच्चीकडच्या खिडक्या झाकण्यासाठी तिने पलंगावरची पांढरी, दुहेरी, सुती चादर टांगली. सुती कापड पाणी अडवत नाही, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "यंदा असू द्या." हे उत्तर झाले, कारण झाले नाही. तन्वी काल संध्याकाळपासून आमच्याकडे आहे. चादरीचे चारही कोपरे तिने स्वतः ताणून बांधले, दूर उभे राहून पाहिले, आणि पुन्हा बांधले. पोरीला घरकामाची गोडी लागते आहे, ही समाधानाची बाब.

गेर आली तेव्हा मी छत्री उघडून गच्चीत गेलो. माझा हेतू एवढाच होता की सार्वजनिक उत्सव खाजगी भिंतीपाशी थांबतो, हे तत्त्व कोणीतरी मांडावे. नळ धरलेला मनुष्य खालून ओरडला, "बाबूजी, अंदर हो जाओ, भिया का निशाना कच्चा है." भिया म्हणजे इंदुरी भाऊ, येथे तो स्वतः. मी उजवी तर्जनी उंचावली आणि बोलू लागलो. पहिला टँकर गुलाबी होता. तेवढ्यात लीला बाहेर आली आणि म्हणाली की पोहे निवताहेत, जिलेबी मऊ पडते आहे, आत या. दुसरा टँकर हिरवा होता.

मी जागचा हललो नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. माघार म्हणजे पक्ष सोडणे.

छत्री वरून येणाऱ्या गोष्टींसाठी बनवलेली असते. रंग खालून आला. सदरा, धोतर आणि चष्मा कामातून गेले. लीला मात्र जवळजवळ कोरडी राहिली. ती कशी राहिली, हा प्रश्न विचार करण्याइतका महत्त्वाचा नाही.

९ मार्च, सोमवार

चादर दिसत नाही. लीला म्हणते, धोब्याकडे दिली. आमच्याकडे कपडे धुण्याचे यंत्र आहे आणि धोबी कित्येक वर्षांत जिना चढलेला नाही. तिची स्मृती क्षीण होऊ लागली असावी. उद्यापासून तिला सकाळी भिजवलेले बदाम देणार आहे.

१२ मार्च, गुरुवार

प्रदर्शन पाहिले. लीला आणि तन्वी सोबत होत्या.

दारातच एका मुलीने कानाला लावण्याचे यंत्र देऊ केले. त्यातून चित्रांविषयी माहिती ऐकू येते. मी नाकारले. प्रत्येक दालनाच्या भिंतीवरही बराच मजकूर लावलेला आहे. तोही मी वाचला नाही, आणि यामागे तत्त्व आहे. डोळ्यांनी पाहणे हे पहिले प्रमाण. दुसऱ्याचा शब्द त्याच्या मागून येतो. आधी वाचले की मनुष्य चित्र पाहत नाही, वाचलेले शोधत बसतो. तन्वी म्हणाली, "आजोबा, एक बार पढ़ तो लो, दोनच ओळी आहेत." मी म्हटले, साक्षीदाराला उत्तर शिकवून ठेवू नये.

पहिल्या दालनात नदीकाठच्या समाध्यांचे घुमट आहेत, इतके हुबेहूब की दगडावरचे शेवाळे ओले वाटते. मी प्रसन्न झालो. दुसऱ्यात तेच घुमट कोणीतरी रागाने फोडल्यासारखे त्रिकोण होऊन पडले आहेत. तिसऱ्यात काळ्या रंगाखेरीज काही नाही. वीज गेली आहे काय, असे मी तेथील रखवालदाराला विचारले. तो म्हणाला, सगळे हेच विचारतात. चौथ्यात दुकानांच्या जुन्या पाट्या उलट्या टांगल्या आहेत. पाचवे दालन अजून लावून व्हायचे होते.

पहिल्या दालनात शिरताना माझे मत होते की फणशांना स्वतःची शैली नाही. तिथून निघताना मी म्हटले की शैली होती, त्यांनी ती सोडली. तिसऱ्या दालनाअखेर मला वाटू लागले की हे एकाहून अधिक लोकांचे काम असावे. लीला म्हणाली, "आल्यापासून तुमचं हे तिसरं मत." मत बदलणे आणि मत अधिक काटेकोर करणे यांत भेद आहे, हे मी तिला समजावून सांगितले. समजावणे पार्किंगपर्यंत पुरले.

बदाम ती खात नाही. माझ्याच वाटीत टाकते.

१४ मार्च, शनिवार

आज जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण ते माझ्या सिद्धान्ताच्या मर्मापाशी पोहोचते.

पाचवे दालन आज लागले म्हणून लीला आणि तन्वीसह पुन्हा गेलो. त्यात मोठमोठी कापडे छतापासून सोडलेली आहेत आणि त्यांवर रंग उसळलेला आहे. शिस्त नाही, मध्य नाही, कडा नाही. मी परत फिरणार होतो. इतक्यात शेवटच्या भिंतीवरचे एक कापड दिसले आणि मी थांबलो. किती वेळ, ते ठाऊक नाही. तन्वी म्हणते, चहाची वेळ टळली.

गुलाबी आणि हिरव्या कल्लोळाच्या मधोमध एक शुभ्र आकृती उभी आहे. डोक्यावर घुमट. घुमटाखाली एक ताठ, निश्चल पुरुष. त्याच्या खांद्यापासून वर गेलेली एक सरळ, तेवणारी ज्योत. पायाशी जगाचा धिंगाणा चालला आहे आणि या पुरुषाला त्याचे काही नाही. इतका सुसंगत मनुष्य मी चित्रात प्रथमच पाहिला. आकृतीच्या डाव्या कडेला एक नुसती हिरवी पट्टी आहे, तीत गुलाबीचा थेंबही नाही. ती चित्रकाराने योजलेली सावली. उजवीकडे, घुमटाच्या झुकत्या कडेखाली, एक गुलाबी, ठेंगणे, काहीसे रुंद रूप आहे. ते मी देवळाच्या आवारातला आखूड खांब मानतो.

"ठेंगणं?" लीला म्हणाली. "रुंद?"

मी म्हटले, खांबाविषयी बोलतो आहे. घरी येईपर्यंत ती माझ्यापासून एक हात अंतर ठेवून चालत होती.

आता अनुमान. पहिल्या दालनात घुमट आहे. या कापडावर घुमट आहे. म्हणजे साठ वर्षे शैली बदलूनही हात तोच राहिला. जिथे घुमट तिथे फणसे, जसे जिथे धूर तिथे अग्नी. यामुळे माझी मूळ प्रतिज्ञा किंचित सुधारावी लागते: थोर माणसाची रीत बदलल्यासारखी भासते, आत ती एकच असते. तन्वी थोर माणूस नसल्याने उपसिद्धान्ताला बाध येत नाही.

हे मी दालनात थोड्या मोठ्या आवाजात मांडले. ऐकणाऱ्यांत बराच रस दिसला. लीलाने भिंतीकडे बोट दाखवले. "अहो, तिथे लिहिलंय. एकदा वाचा तरी." मी नकार दिला. मग तिने अतिशय शांतपणे विचारले, "आणि हे चित्र त्यांच्या हातचं नसेल तर?"

"तर माझे सारे अनुमान खोटे," मी म्हटले, "आणि तन्वीने खुशाल महेश्वरला जावे."

तिने ते मला तन्वीसमोर पुन्हा म्हणायला लावले. तन्वीने वडिलांना फोन लावला आणि त्यांनाही ऐकवायला सांगितले. पुनरुक्ती हा वाणीचा दोष आहे, परंतु दोघींचा आग्रह होता. शंतनु पलीकडून एवढेच म्हणाला, "बाबा, पक्का?" मी म्हटले, पोतनीसांचा शब्द आहे. तन्वी त्यानंतर एका खांबाआड जाऊन बराच वेळ खोकत होती. रंगाच्या धुळीचा त्रास दिसतो.

१५ मार्च, रविवार

आज संताजी फणसे स्वतः प्रेक्षकांना भेटले. होळकरांच्या फौजेतल्या घराण्यातला माणूस. ऐंशी उलटली तरी पाठ ताठ, बाराबंदीसारखे जाकीट, आणि खिशात शेवेची पुडी, जीतून ते बोलता बोलता एकेक चिमूट काढत होते. दालन भरलेले होते. आमच्या गल्लीतलीही बरीच मंडळी होती. मल्हारगंजाला चित्रकलेची एवढी ओढ असल्याचे मला ठाऊक नव्हते.

मी हात वर करून अनुज्ञा घेतली आणि माझे प्रतिपादन पाच अवयवांत मांडले: प्रतिज्ञा, कारण, उदाहरण, त्याचे येथे लागू होणे, आणि निष्कर्ष. निश्चल पुरुषावर मी विशेष भर दिला. म्हटले, या एका आकृतीत चित्रकाराने स्वतःचा सारा पीळ ओतला आहे. हा हात दुसऱ्या कोणाचा असणे शक्य नाही. बोलताना माझी तर्जनी सवयीने वर गेली होती आणि डाव्या हातात छत्री होती, कारण उन्हे कडक झाली आहेत.

फणसे माझ्याकडे पाहत राहिले. मग चित्राकडे. मग पुन्हा माझ्याकडे. शेवेची चिमूट हवेतच थांबली.

"पोतनीस साहेब," ते म्हणाले, "माझ्या चित्रांवर आजपर्यंत खूप लोक बोलले. इतकं प्रेमाने कोणी नाही बोललं. आणि बोललात ते नेमकं ह्या चित्रावर."

मी मान लववली. मग त्यांनी विनंती केली की मी चित्रापुढे, त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे. छत्री उघडा, म्हणाले. छताखाली छत्री कशाला, असे मी विचारले. ते म्हणाले, मापासाठी. मी उभा राहिलो. "बोट वर. अजून जरासं. डावीकडे सरका थोडे. बस्स, भिया, बस्स. हलू नका." सारे दालन उठून उभे राहिले. भ्रमणध्वनींचे दिवे चमकले, टाळ्या झाल्या, कोणीतरी शिट्टीही वाजवली, जी मला अनावश्यक वाटली. तर्काला इतकी दाद मला वर्गात कधीही मिळाली नव्हती.

टाळ्या ओसरल्यावर मी स्पष्टच विचारले: हे चित्र तुमच्या हातचे, होय की नाही? फणसे हसले आणि लीलाकडे वळले. "हात कोणाचा, ते वहिनीसाहेब सांगतील."

बायकांचा असा आदर जुन्या घराण्यांतच शिकवला जातो. लीला पदराआड होती.

१६ मार्च, सोमवार

दिवसभर फोन. खालच्या नमकीनवाल्याने शेवेची एक थैली वर पाठवली आणि पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "बाबूजी तो अमर हो गए." अनुमानशास्त्र सामान्य माणसापर्यंत पोहोचवता येते, हे मी सुरुवातीपासून म्हणत आलो आहे.

१७ मार्च, मंगळवार

तन्वी दुपारी एकटी आली. आली ती बसली नाही. तिने भ्रमणध्वनीवर रविवारचे छायाचित्र दाखवले.

छायाचित्रात मी उभा आहे. माझ्या मागे घुमट नाही, छत्री आहे. ज्योत नाही, तर्जनी आहे. माझी प्रत्येक कड मागच्या शुभ्र आकृतीच्या कडेवर जाऊन बसली आहे, कानाच्या पाळीपर्यंत.

मी म्हटले, योगायोग. ती म्हणाली, "आजोबा, ती आपली चादर आहे."

मी चहा न घेता रिक्षाने विजय नगर गाठले. पाचव्या दालनाच्या भिंतीवरचा मजकूर वाचला. त्यात लिहिले आहे की गेरच्या मार्गावरील काही घरांनी या चादरी आपल्या गच्च्यांत टांगल्या. चित्रकाराने एकीलाही हात लावलेला नाही. साठ वर्षे रंगवल्यावर या वेळी त्यांना पाहायचे होते की आपण नसताना रंग काय करतात. शेवटच्या कापडाखाली बारीक अक्षरांत: पोतनीस कुटुंब, मल्हारगंज. सुती चादर. दुहेरी पलंगाची.

परत येऊन मी लीलाला विचारले की ही फसवणूक नव्हे काय. ती लिंबाचे लोणचे बरणीत भरत होती.

"मी तुम्हाला वाचायला सांगितलं," ती म्हणाली. "तन्वीनं सांगितलं. तुम्ही म्हणालात, साक्षीदाराला शिकवू नये."

"धोब्याविषयी तू असत्य बोललीस."

"हो. ते बोलले."

मी पुष्कळ विचार केला. फसवणूक म्हणण्यासाठी पुरावा लपवलेला असावा लागतो. हा तर भिंतीवर, दिव्याखाली, मोठ्या टायपात होता. शब्द दिला तो मी, आणि तीनदा. मग राहतो तो माझ्या अनुमानाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर प्रथम वर्षाचा विद्यार्थीही देईल: जे लक्षण आपल्या वस्तूपाशीही सापडते आणि दुसऱ्या कोणापाशीही, त्यावरून काही सिद्ध होत नाही. घुमट फणशांपाशी होता. तो माझ्यापाशीही निघाला. हा भटका हेतु. मी असंख्य मुलांना यासाठी गुण कापले आहेत.

शंतनुला फोन केला आणि सांगितले की माझ्याकडून हो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही नाराज तर नाही ना?" मी म्हटले, हरलेल्या पक्षाने नाराज असणे हा शिष्टाचार नव्हे. मागून सूनबाई अमिता आणि तन्वी दोघींचा आवाज आला. तो शब्दांचा नव्हता.

१८ मार्च, बुधवार

पुन्हा प्रदर्शनाला गेलो. एकटाच. शेवटचा दिवस होता. फणसे तिथेच बसले होते. त्यांनी शेवेची पुडी पुढे केली आणि मी चिमूट घेतली. त्यांना मी विचारले की पाच वेळा रीत बदलताना भीती नाही वाटली? ते म्हणाले, "दर वेळी. पण काय होतं साहेब, जुनं चांगलं जमायला लागलं की मला माझीच झोप येते." हा युक्तिवाद नव्हे. मला त्याचे खंडनही सुचले नाही.

मग मी चादरीपाशी गेलो. आता ती पुरावा म्हणून पाहणे मला भाग होते.

डावीकडची हिरवी पट्टी. तिच्यात गुलाबी नाही. गुलाबी टँकर आला तेव्हा ती जागा कोणीतरी झाकून होते. हिरवा आला तेव्हा नव्हते. उजवीकडचे गुलाबी रूप. त्यात हिरवा नाही. म्हणजे हिरवा टँकर आला तेव्हा ती जागा झाकली गेली होती, आणि ती एका माणसाहून रुंद आहे. वरची छत्रीची कडही तिकडेच झुकलेली. मी चित्राकडे तोंड करून उभा होतो. त्या दिवशी पाठ करून होतो. चित्राची उजवी बाजू ती माझी डावी. गच्चीचे दार डावीकडे आहे. लीला त्याच दारातून बाहेर आली होती.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. रखवालदाराने दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला विचारले, हे तिसरे दालन झाले काय. तो हसला.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

गुढीला तन्वीने महेश्वरी वस्त्र आणले होते, लाल काठाचे. तिने ते स्वतः बांधले, दूर उभे राहून पाहिले, आणि पुन्हा बांधले. या वेळी मी त्यावरून कोणताही निष्कर्ष काढला नाही. सोमवारी ती महेश्वरला जाईल.

फणशांना चादर संग्रहासाठी हवी आहे. लीला म्हणते, जोडीतली आहे, परत पाठवा. वाटाघाटी चालू आहेत.

सकाळी कडुनिंबाची पाने खाताना मी लीलाला विचारले की रंगपंचमीला ती कोरडी कशी राहिली. "इतक्या दिवसांनी विचारताय," ती म्हणाली, आणि माझ्या वाटीत एक बदाम टाकला.

येथवरच्या नोंदींत अनेक गोष्टी मी चुकीच्या मांडल्या असतील. त्या मतांच्या चुका आहेत आणि मते काटेकोर करता येतात. वस्तुस्थितीची चूक मात्र एकच आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय ही वही मिटणे अयोग्य ठरेल. ८ मार्चच्या नोंदीत "मी जागचा हललो नाही" असे विधान आहे. ते असत्य आहे. मी हललो होतो: एक पाऊल, डावीकडे, छत्रीसह.

शरच्चंद्र पोतनीस
मल्हारगंज, इंदूर